देहाची रोजकीर्द : प्रस्तावना

नागपूर शहराच्या पूर्वेकडील अंगास, हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या शेजारी, कळमन्याचे जे विस्तीर्ण बाजार-आवार पसरले आहे, तेथे दिवस पुरता उजाडण्यापूर्वीच वजनकाट्यांचा अंमल सुरू होतो. धान्य, मिरची, आलू-कांदे, भाजीपाला, आणि आंबिया व मृग या दोन्ही बहारांत येणारी संत्री, यांच्या किलोकिलोचा तपशील पट्टीवर चढतो, तोलाई ठरते, हमाली ठरते, आणि सायंकाळपर्यंत जमाखर्चाचा मेळ बसल्यावाचून मुनीम आपली वही मिटत नाही. परंतु तो माल पाठीवर वाहणारा हमाल आणि गादीवर बसून त्याची नोंद करणारा मुनीम, या दोन देहांत दिवसभरात किती जमा झाले व किती खर्ची पडले, याची रोजकीर्द मात्र कोणीच ठेवीत नाही. प्रस्तुत पुस्तिका ती कशी ठेवावी हे सांगण्यासाठी लिहिली आहे. आणि ती या दोघांपैकी दुसऱ्यासाठी, म्हणजे गादीवर बसणाऱ्यासाठी लिहिली आहे, पहिल्यासाठी नव्हे, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे.

हा भेद करण्याचे प्रयोजन असे, की वजन उतरविण्याविषयी हल्ली जे अहोरात्र लिहिले व बोलले जाते त्यात ‘दिवसाला अमुक इतके उष्मांक घ्यावेत’ असा एकच आकडा सर्वांच्या पदरात टाकण्याची वहिवाट पडली आहे, आणि तो आकडा कोणाचा, कोणत्या श्रमाचा, कोणत्या वयाचा, याची विचारपूस करण्याचे कष्ट सांगणारा घेत नाही व ऐकणाराही घेत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जी प्रमाणे प्रसिद्ध केली, त्यांत ६५ किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाची दैनिक गरज बैठ्या कामाला २११० उष्मांक, मध्यम श्रमाला २७१० आणि अतिश्रमाला ३४७० अशी दिली आहे. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे अनुक्रमे १६६०, २१३० व २७२० आहेत. समान वजनाचा मुनीम आणि समान वजनाचा हमाल यांच्यात १३६० उष्मांकांचे अंतर पडते, म्हणजे जवळजवळ चारशे ग्रॅम कोरड्या धान्याचे. आणि तरीही दोघे सकाळी एकाच टपरीसमोर उभे राहून तर्री-पोह्याची तीच बशी, तेवढ्याच तेलाची, तेवढ्याच आवडीने रिचवितात. टपरीवाल्याने ग्राहकाचा धंदा विचारून तर्री वाढावी अशी अपेक्षा कोणी करणार नाही. ती चौकशी ज्याची त्यानेच स्वतःशी केली पाहिजे.

अन्नाच्या परिमाणाचा हा प्रश्न आपल्याकडे आधुनिक चैनीतून उत्पन्न झाला, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो सरकारी दफ्तरात दाखल झाला तो दुष्काळाच्या निमित्ताने, आणि दाखल करणाऱ्यांपैकी एका अंमलदाराचा नागपूरशी निकटचा संबंध होता. रिचर्ड टेंपल हे १८६२ पासून काही वर्षे मध्यप्रांताचे चीफ कमिशनर म्हणून नागपुरात होते. पुढे १८७७ च्या प्रारंभी हिंदुस्थान सरकारने त्यांना दक्षिणेकडील दुष्काळाच्या पाहणीवर धाडले, तेव्हा दुष्काळी कामावरील प्रौढ पुरुषास रोजी एक पौंड धान्य आणि वर मीठमिरचीला किरकोळ पैसे एवढे पुरे आहे, अशी तजवीज त्यांनी केली. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. ज्वारी धरा की तांदूळ धरा, त्यातून पंधराशे ते सोळाशे उष्मांकांच्या पलीकडे काही निघत नाही. मद्रासचे आरोग्य-कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी या प्रमाणास कसून विरोध केला, मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारदरबारी गाऱ्हाणे मांडले. वाचकाने हा सोळाशेचा आकडा ध्यानात ठेवावा, कारण याच पुस्तिकेत पुढे बैठ्या व्यवसायातील स्थूल गृहस्थास जो आहार सुचविला आहे तो त्याच्या थोडासाच वर आहे. दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाची जी उपासमार होती, तेच परिमाण पंख्याखाली बसणाऱ्याचे पथ्य ठरते. आकड्याला स्वतःचा गुण किंवा दोष नसतो, तो ज्याच्या नावावर चढतो त्याच्या श्रमावरून त्याचा अर्थ लागतो.

टेंपल यांच्या या ठरावानंतर शंभर वर्षे पुरी होण्याच्या आतच हाच वाद पुण्यात, अधिक विद्वत्तेने व अधिक सद्‌हेतूने, पुन्हा उभा राहिला. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील दारिद्र्यावरील आपल्या सुप्रसिद्ध निबंधात दरडोई दरदिवशी २२५० उष्मांक देऊ शकेल इतका खर्च ही दारिद्र्याची सीमारेषा मानली. आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले, जागतिक अन्न व शेती संघटनेत सांख्यिकीचे दीर्घकाळ प्रमुख राहिलेले पां. वा. सुखात्मे यांनी त्या रेषेवर आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की सरासरी गरज ही प्रत्येकाची गरज नव्हे, निरोगी समाजात निम्मी माणसे सरासरीहून कमी खाऊनही सुखाने जगतात; शिवाय एकाच माणसाचे खाणे व खर्च आज एक, उद्या दुसरे असे हेलकावे घेत असते आणि देह काही मर्यादेपर्यंत त्या हेलकाव्यांशी आपले आपण जुळवून घेतो. गरिबांची गणना करताना हा युक्तिवाद चालविला तर भुकेल्या माणसाला ‘तुझ्या देहाने जुळवून घेतले आहे’ असे सांगण्याची सोय राज्यकर्त्यांना होते, म्हणून त्या क्षेत्रात तो मला धोक्याचा वाटतो व दांडेकरांचा पक्ष अधिक न्याय्य वाटतो. परंतु जेथे भुकेचा नव्हे तर फाजील पोषणाचा प्रश्न आहे, तेथे सुखात्म्यांचे दोन्ही मुद्दे सोन्यासारखे उपयोगी पडतात: कोष्टकातील आकडा आपल्यावर हुकमासारखा बजावून घेऊ नये, आणि एका दिवसाच्या कमीअधिकाने हर्षविषाद मानू नये, मेळ घालायचा तो आठवड्याचा घालावा. या पुस्तिकेची सगळी रचना या दोन मुद्द्यांवर उभी आहे.

शास्त्राचा इतिहास येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही. लाव्हाझिये याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनीपिग ठेवून प्राण्याचा श्वासोच्छ्वास हे एक प्रकारचे मंद ज्वलनच आहे हे दाखविले. अमेरिकेतील ॲटवॉटर याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात माणूस दिवसेंदिवस राहू शकेल अशी उष्णतामापक खोली बांधून, एक ग्रॅम पिष्टातून चार, एक ग्रॅम प्रथिनातून चार आणि एक ग्रॅम स्निग्धातून नऊ उष्मांक मिळतात, हा आजही चालू असलेला हिशेब रूढ केला. हॅरिस व बेनेडिक्ट यांनी १९१९ साली १३६ पुरुष आणि १०३ स्त्रिया यांच्या मोजमापावरून निश्चल पडून राहिलेल्या देहाचा खर्च काढण्याचे सूत्र बसविले, आणि १९९० साली मिफ्लिन व सेंट जिओर यांच्या नावाने दुसरे, अधिक साधे सूत्र आले, जे आज सर्वत्र वापरतात. ही सगळी मोजमापे परदेशी देहांची आहेत हे विसरू नये. भारतीय माणसाचा हा मूलभूत खर्च त्या सूत्रांच्या उत्तरापेक्षा बहुधा काहीसा कमी भरतो, आणि आपल्या पोषणतज्ज्ञांनीही आपली प्रमाणे ठरविताना तशी काटछाट केली आहे.

सूत्र समजून घेण्यास एक काल्पनिक मुनीम पुढे करू. वय ४५, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८४ किलो. वजनाच्या दहापट ८४०. उंचीच्या सव्वासहापट १०५०. या बेरजेतून वयाची पाचपट, म्हणजे २२५, वजा. पुरुष असल्यामुळे ५ अधिक. उत्तर १६७०. (स्त्री असती तर शेवटी ५ मिळविण्याऐवजी १६१ वजा केले असते.) हा खर्च नुसते जिवंत राहण्याचा, हृदय, फुप्फुसे, मेंदू, यकृत यांच्या अखंड व्यापाराचा आहे, आणि बैठ्या माणसाच्या एकूण खर्चाचा सुमारे दोनतृतीयांश हिस्सा यातच जातो, ही गोष्ट ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटते. त्यावर उठणे-बसणे, येणे-जाणे आणि अन्नपचन यांसाठी बैठ्या माणसाला सुमारे १.४ ने गुणावे लागते; म्हणजे २३४० च्या आसपास. आता परदेशी सूत्राची काटछाट म्हणून मूळ आकड्यातून एक दशांश आधीच वळता केला, तर उत्तर २१०० च्या जवळ येते. या दोहोंपैकी खरे कोणते? मुनीमाने दोन्ही लिहून ठेवावेत आणि आपली गरज या दोन आकड्यांच्या दरम्यान कोठेतरी आहे असे समजून कामाला लागावे. अंतिम निवाडा तीन-चार आठवड्यांनी वजनकाटा देईल. जो कोणी एका आकड्याची, शेवटच्या एककापर्यंत, खातरजमा करून देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

या खर्चातून दररोज चारशे ते पाचशेची तूट राखली, म्हणजे आहार साधारणतः १६५० ते १८५० च्या टापूत आणला, तर एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक साठलेले असतात या हिशेबाने आठवड्याला अर्ध्या किलोच्या आतबाहेर वजन उतरते. त्याहून अधिक घाई करू नये. वैद्यकीय देखरेखीवाचून पुरुषाने पंधराशेच्या आणि स्त्रीने बाराशेच्या खाली जाऊ नये, कारण अन्न अतिशय आखडले की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि खर्चणारा स्नायूच गेला तर पुढील मासात तूट राखणे अधिकच बिकट होते. चाळिशीची, दीड मीटर उंचीची, ६२ किलो वजनाची आणि दिवसभर मिरच्यांचे देठ खुडीत बसणारी एखादी बाई घेतली, तर तिचा मूलभूत खर्चच बाराशेच्या घरात येतो. तिला ‘हजारांत भागव’ असे सांगणारा माणूस टेंपलसाहेबांचाच वारस म्हणावा लागेल.

वजन उतरविण्याची गरज कोणाला, हेही सूत्राआधी ठरले पाहिजे. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा देहभार-निर्देशांक पाश्चात्त्यांत २५ पर्यंत निर्धास्त मानतात. आपल्याकडे २३ लाच सावध व्हावे असे जाणकार सांगतात. याची मार्मिक साक्ष पुण्याचे मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्याच देहाने दिली आहे. लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि ते स्वतः यांचे छायाचित्र २००४ साली एका प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले; दोघांचाही निर्देशांक तंतोतंत २२.३, परंतु युडकिन यांच्या देहात चरबी शेकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या देहात शेकडा २१.२. दिसायला कृश आणि आतून स्थूल, अशी ही आपल्या लोकांची घडण आहे. म्हणून काट्याबरोबर शिंप्याची फीतही हाती घ्यावी. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० च्या आत असावा. आपल्या मुनीमाचा निर्देशांक जवळजवळ ३० भरतो, त्यामुळे त्याच्याबाबतीत फारसा ऊहापोह करण्याचे कारण उरत नाही.

आता जमेच्या बाजूकडे वळू. विदर्भाच्या ताटात धान्य व डाळ यांचा हिशेब अवघड नाही. ज्वारी, गहू, तांदूळ, तूर, काहीही घ्या, कोरड्या शंभर ग्रॅमला सव्वातीनशे ते साडेतीनशे उष्मांक धरले की फारशी चूक होत नाही. घोटाळा होतो तो तेलात. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० उष्मांक, मग ते शेंगदाण्याचे असो, सोयाबीनचे असो की घाण्यावरचे जवसाचे असो, आणि सावजी रश्श्यावर किंवा तर्रीवर जो तांबडा तवंग आपण कौतुकाने पाहतो त्यात असे किती चमचे आहेत हे आचाऱ्यालाही सांगता येणार नाही. साठ ग्रॅम कोरड्या पोह्यांचे दोनशे उष्मांक. त्यावर फोडणी व तर्री मिळून दोन चमचे तेल गेले की चारशेचा आकडा ओलांडला, आणि पोह्याहून तेलाचाच हिस्सा मोठा झाला. उलटपक्षी ज्या संत्र्यासाठी कळमना देशभर ओळखले जाते त्याच्या सोललेल्या शंभर ग्रॅम गरात चाळीसच्या आसपास उष्मांक असतात. तीन मध्यम संत्री खावीत तेव्हा एका चमचाभर तेलाची बरोबरी होते, आणि तीन संत्री खाल्ल्यावर माणूस तृप्त असतो, चमचाभर तेल प्याल्यावर नसतो. (संत्र्याच्या बर्फीस हा न्याय लागू नाही, हे मोठ्या खेदाने नमूद करतो.) प्रथिनांकडे मात्र कंजुषी नको. पोषण संस्थेच्या प्रमाणाने देहाच्या दर किलोस ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, आणि आहार आखडलेल्या काळात स्नायू राखण्यासाठी त्याहून थोडी अधिकच असलेली बरी. वरण पातळ करून तेल वाचविल्याचे समाधान मानणाऱ्याने हे विशेष लक्षात घ्यावे.

‘खाणे आहे तसे राहू द्या, आम्ही व्यायामाने खर्च वाढवू’, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ५० किलोचा कट्टा दीड मीटर उंच ट्रकमध्ये चढविण्यास पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने सुमारे ७३५ ज्यूल कार्य होते, म्हणजे एका उष्मांकाचा पाचवा हिस्सादेखील नव्हे. स्नायूंची कार्यक्षमता शेकडा २० ते २५ धरली तरी देहाच्या खाती एका कट्ट्यामागे फार तर पाऊण-एक उष्मांक खर्ची पडतो. दोनशे कट्टे चढविले, तर केवळ माल उचलण्याचा हा खर्च दोन चमचे तेलाने सहज भरून निघतो! हमालाची दैनिक गरज तरीही इतकी मोठी का, तर त्याला प्रत्येक कट्ट्याबरोबर स्वतःचा देहही वाकवावा, उचलावा आणि फेऱ्यांमागून फेऱ्या चालवावा लागतो, आणि तेही उन्हात, तासन्‌तास. मुनीमाने सायंकाळी तासभर पायी फिरून यावे. त्याने दोनशेच्या आसपास उष्मांक जादा खर्च होतील, रक्तशर्करा व रक्तदाब ताळ्यावर राहण्यास मदत होईल, झोप चांगली लागेल. परंतु परतीच्या वाटेवर आलूबोंड्याच्या कढईसमोर थांबण्याचा परवाना त्यातून मिळत नाही.

नागपुरात या विषयावर लिहिताना डॉ. श्रीकांत जिचकार यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. अनेक पदव्यांचे धनी, राजकारणी, वक्ते असलेल्या या गृहस्थांनी दिवसातून दोनदाच जेवावे, मध्ये काही खाऊ नये, हा विचार आपल्या व्याख्यानांतून मांडला. २००४ साली त्यांचे अपघाती निधन झाल्यावर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचविला. या पद्धतीत उष्मांकांची मोजदाद करावी लागत नाही, आणि तेच तिचे मोठे आकर्षण आहे. तिच्यामागील इन्शुलिनविषयक उपपत्तीची चर्चा येथे करीत नाही. मला दिसते ते इतकेच, की दोन जेवणांच्या मध्ये येणारा साखरेचा चहा, फरसाण, बिस्किटे, ग्राहकाबरोबरचा समोसा, ही सगळी फुटकळ जमा एकाच नियमाने बंद होते आणि तूट आपोआप पडते. ज्याच्या स्वभावाला ती मानवते त्याने ती खुशाल आचरावी, मात्र मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्याने वैद्याला विचारल्यावाचून नव्हे. जो दोन वेळांतच दिवसभराचे तेल उरकून घेतो त्याचे वजन याही पद्धतीने हटत नाही, हे मी पाहिले आहे.

वजनकाटा निवाडा देतो असे वर म्हटले, पण तो पुष्कळदा खोटी साक्षही देतो. आहार आखडताच पहिल्या आठवड्यात जे दोन किलो उतरतात त्यांत पाण्याचा भाग मोठा असतो, कारण देहात साठविलेल्या पिष्टाच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते आणि साठा संपला की तेही वाहून जाते. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, टिनाच्या शेडखाली दिवस काढलेला माणूस सायंकाळी काट्यावर उभा राहिला तर किलोभर हलका भरेल; तो घामाचा उणेपणा आहे, दोन तांबे पाण्याने तो भरून निघेल व निघालाच पाहिजे. यासाठी सकाळी शौचानंतर, उपाशीपोटी, एकाच काट्यावर वजन घ्यावे आणि सात दिवसांची सरासरी काढून मागील सरासरीशी ताडून पाहावी. पुढे असेही दिसेल, की उतार मंदावतो. आपला मुनीम ८४ चा ७६ किलोंवर आला, तर त्याच सूत्राने त्याचा मूलभूत खर्च ८० ने आणि एकूण खर्च सुमारे ११० ने घटतो. लहान देहाला चालविण्यास कमी लागते, आणि देह प्रत्यक्षात याहूनही थोडी अधिक काटकसर करतो. हा मुनीमाच्या निग्रहाचा पराभव नव्हे. नव्या वजनाने कोष्टक पुन्हा मांडावे आणि साधलेली आठ किलोंची घट टिकविण्याकडे लक्ष द्यावे, कारण मूळ वजनाच्या शेकडा ५ ते १० इतकी घट टिकली तरी रक्तदाब व रक्तशर्करा यांत हितकारक फरक पडतो.

पुस्तिकेतील कोष्टके अठरा वर्षांखालील मुलांसाठी, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी, तसेच मूत्रपिंडाच्या किंवा अन्य दीर्घ विकाराने पीडित व्यक्तींसाठी नाहीत. इन्शुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने आहार कमी करण्यापूर्वी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. हमाल-मापारी मंडळींच्या हाती ही पुस्तिका पडलीच, तर त्यांनी तिच्यातील तुटीची प्रकरणे सोडून केवळ प्रथिनांचे आणि उन्हाळ्यातील पाण्याचे प्रकरण वाचावे. बाकीच्यांना विनंती एवढीच, की पहिले कोष्टक उघडण्यापूर्वी आपले वय, उंची, सकाळचे वजन आणि कमरेचा घेर एका कागदावर तारखेसह लिहून घ्यावा, आणि महिनाभर घरात तेलाचा डबा कोणत्या तारखेला उघडला व कोणत्या तारखेला संपला, याचीही नोंद त्याखाली करावी.